गटात बोलायचं कसं? बचत गटाच्या बैठकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कोणाचे आहेत?

बहुतेक बचत गटांच्या अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष ताईंचे, आणि गावागावांत गटांबरोबर काम करणाऱ्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताईंचे. गटसंवादाच्या प्रशिक्षणात हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. भजनी मंडळ, शाळा व्यवस्थापन समिती, गावची पाणी समिती, शहरातली सोसायटीची कमिटी यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. थकलेल्या हप्त्याचा भाग तेवढा त्यांनी सोडून द्यावा. (सोसायटीवाल्यांनी तोही सोडू नये, मेंटेनन्स थकवणारे प्रत्येक जिन्यात एक तरी असतात.)

बोलणं शिकून येतं का? ते मुळात अंगात असावं लागतं ना?

ज्या ताई बैठकीत तासभर तोंड उघडत नाहीत, त्याच बाजारात भेंडीच्या भावावरून व्यापाऱ्याला घाम फोडतात. लेकीच्या सोयरिकीची बोलणी त्याच निभावून नेतात. मजुरीच्या पैशांवरून मुकादमाशी त्याच भांडतात. म्हणजे शब्द आहेत, धाडसही आहे. बैठकीत अडतं ते वेगळंच: माझी पाळी कधी येणार, मी बोलले तर कोण हसणार, आणि बोलून शेवटी होणार तेच होणार असेल तर बोलायचं कशाला.

यातली एकही गोष्ट त्या ताईंच्या हातात नसते. ती बैठक कशी चालते यावर अवलंबून असते. म्हणून ‘धीट व्हा, बोलायला शिका’ या उपदेशावर माझा फारसा विश्वास नाही. बसण्याची जागा, बोलण्याचा क्रम, प्रश्न विचारायची रीत आणि इतिवृत्ताची वही या चार गोष्टी बदलल्या की गप्प बसणाऱ्या बऱ्याच जणी बोलायला लागतात. खाली जे लिहिलं आहे ते बहुतेक याच चार गोष्टींबद्दल आहे.

गटात किती जणी असल्या की बोलणं नीट होतं?

साधारण १० ते २० सभासदांचा गट करतात. डोंगराळ, दुर्गम भागात किंवा दिव्यांग सभासदांच्या गटात ५ जणींनाही चालतं. १९९२ मध्ये नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, गटांना बँकेशी जोडण्याचं काम सुरुवातीला ५०० गटांपुरतं हाती घेतलं, तेव्हापासून आकार साधारण एवढाच राहिला आहे.

बोलण्याच्या बाजूने पाहिलं तर १० आणि २० मध्ये फार फरक आहे. १० जणींत दोघी-दोघींच्या जोड्या ४५ होतात. १२ जणींत ६६. २० जणींत थेट १९०! एवढ्या जोड्यांमधल्या रुसव्याफुगव्यांचा, उसनवारीचा आणि नात्यागोत्याचा हिशोब कोणत्याही अध्यक्षांच्या डोक्यात मावत नाही. तासाभराच्या बैठकीत २० जणींना सारखा वेळ वाटून दिला तर प्रत्येकीच्या वाट्याला ३ मिनिटं येतात, आणि त्यातच बचत गोळा करायची असते, हप्ते घ्यायचे असतात, वह्या भरायच्या असतात. नवा गट करताना १० ते १२ वर थांबा, हे माझं मत.

बसायचं कसं, याने खरंच फरक पडतो?

पडतो. सतरंजीवर गोल करून बसा, हे प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात आणि गावी गेल्यावर प्रत्येक गट विसरतो. काय होतं बघा: घर अध्यक्षांचं, त्यामुळे त्या आणि सचिव भिंतीला टेकून बसतात. पुढ्यात पेटी आणि वह्या. जवळच्या दोघी-तिघी त्यांच्या आजूबाजूला. उरलेल्या समोर रांगेत, आणि दोघी तर उंबऱ्याजवळ, अर्ध्या आत अर्ध्या बाहेर. ही शाळा झाली. उंबऱ्याजवळच्या ताईंना कोणाचं तोंड दिसत नाही, समोरच्यांची पाठ दिसते. पाठीकडे बघून कोण बोलेल?

आणि त्या उंबऱ्याजवळ कोण बसतात हेही एकदा नीट बघा. बहुतेक वेळा वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या, मजुरीला जाणाऱ्या, नाहीतर गटात सगळ्यात शेवटी आलेल्या. कधी त्यात जातही असते आणि ती सगळ्यांना ठाऊक असते. ‘आत या की ताई’ एवढं म्हणून भागत नाही, कारण त्या ‘असू द्या, बरं आहे इथंच’ म्हणतात. त्यापेक्षा पेटीची जागा हलवा. पेटी आणि वही गोलाच्या मधोमध ठेवली की पैसे द्यायला, सही करायला प्रत्येकीला आत यावंच लागतं. बैठकही दर वेळी एकाच घरी घेऊ नका. पाळीपाळीने घ्या, किंवा सरळ अंगणवाडीत, समाजमंदिरात घ्या.

खुर्ची असलीच तर ती गुडघे दुखणाऱ्या आजींना. पदाला खुर्ची नको.

आमच्याकडे दोघी-तिघीच बोलतात. बाकीच्यांना बोलतं कसं करायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. पहिली गोष्ट, ‘कोणाला काही बोलायचंय का?’ हा प्रश्न कायमचा बंद करा. त्याचं उत्तर शांतता हेच असतं, आणि मग ‘चला, कोणाचं काही नाही’ म्हणून ठराव लिहिला जातो. त्याऐवजी उत्तर द्यावंच लागेल असा छोटा प्रश्न विचारा. ‘शेळीसाठी कर्ज द्यायचं ठरलं तर तुम्ही किती देऊ म्हणाल?’ आकडा सांगायला भाषण यावं लागत नाही.

दुसरं म्हणजे फेरी. विषय सांगायचा आणि एका टोकापासून एकेकीने एक वाक्य बोलायचं. ‘माझं अजून ठरलं नाही’ हेही वाक्य चालतं. मधे कोणी बोलायचं नाही, अध्यक्षांनीसुद्धा नाही. फेरी दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून सुरू करा, म्हणजे शेवटची जागा कायम एकीच्याच नशिबी येत नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: अध्यक्षांनी आपलं मत शेवटी सांगायचं. अध्यक्ष आधी बोलल्या की पुढच्या दहा जणी ‘ताई म्हणतात तसंच’ म्हणतात. सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास अमेरिकेत यावर प्रयोग केले होते. कागदावरच्या रेघांपैकी दिलेल्या रेघेएवढी कोणती, इतकंच ओळखायचं. पण खोलीतले बाकीचे सगळे आधी ठरवल्याप्रमाणे चुकीचं उत्तर द्यायचे. सुमारे एक तृतीयांश वेळा माणसं डोळ्यांना दिसणारं सोडून बाकीच्यांचं चुकीचं उत्तर द्यायची. मात्र खोलीत एकजण जरी बरोबर उत्तर देणारा असला, की हे प्रमाण एकदम खाली यायचं. रेघेच्या लांबीची ही गत, तर शेजारणीला कर्ज द्यावं का, या प्रश्नाचं काय होत असेल? म्हणून वेगळं मत मांडणाऱ्या पहिल्या ताईंना जपा. त्यांचं म्हणणं पटो न पटो, त्यांच्यामुळे मागच्या तिघींचा घसा मोकळा होतो.

तरीही एखादी गप्पच राहिली तर विषय दोन मिनिटं शेजारणीशी बोलायला द्या, आणि मग ‘तुमच्या दोघींत काय बोलणं झालं?’ असं विचारा. ‘आम्हाला वाटतं’ म्हणणं ‘मला वाटतं’पेक्षा पुष्कळ सोपं असतं. आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. बहुतेक अध्यक्ष तीनवर येईपर्यंत स्वतःच उत्तर देऊन मोकळ्या होतात.

आणि ज्या थांबतच नाहीत त्यांचं काय?

आधी हे बघा की त्या का बोलतात. पुष्कळदा गटाची सगळी धावपळ त्याच करत असतात. बँक त्या, पंचायत समिती त्या, ऑनलाइन अर्जही त्याच. त्यांना माहिती जास्त असते आणि दमही लागलेला असतो. अशांना ‘तुम्ही जरा कमी बोला’ म्हटलं की मानहानी वाटते. काम द्या. ‘ताई, आज फेरीत कोण काय म्हणालं ते तुम्ही टिपून घ्या आणि शेवटी वाचून दाखवा.’ लिहिणाऱ्याला ऐकावं लागतं.

विषय भरकटला तर ‘हा मुद्दा वहीच्या मागच्या पानावर लिहिते, पुढच्या बैठकीत पहिला घेऊ’ म्हणा आणि खरंच घ्या. दोनदा घेतला नाहीत तर तिसऱ्यांदा त्या पानावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

ऐकणं म्हणजे नेमकं काय करायचं? गप्प बसलो की झालं ना?

गप्प बसून पुढचं उत्तर मनात जुळवणं, हे आपण सगळेच करतो. ऐकलं की नाही हे ओळखायची साधी कसोटी आहे: समोरची जे म्हणाली ते तिला पटेल अशा रीतीने परत सांगता आलं पाहिजे. ‘म्हणजे तुमचं म्हणणं असं, की…’ अशी सुरुवात करायची आणि ती ‘हो, तसंच’ म्हणेपर्यंत आपलं मत द्यायचं नाही.

एक उदाहरण. एक ताई म्हणतात, ‘मला दहा हजार पाहिजेत. पोराची फी आहे. आणि घरात जरा…’ एवढं बोलून थांबतात. लगेच कोणीतरी म्हणतं, ‘आधीचं फिटलंय का?’ संपलं. ‘घरात जरा’च्या पुढे काय होतं ते गटाला कधीच कळत नाही. नवरा आजारी असेल, काम सुटलं असेल, घरात मारहाणही असेल. कर्ज द्यायचं की नाही ते नंतर ठरवता येतं. आधी एवढंच म्हणावं: ‘फीचं कळलं. घरातलं काही सांगायचं राहिलं का? आत्ता नको असेल तर बैठकीनंतर बोलू.’ शेवटचं वाक्य विसरू नका. सगळ्या गोष्टी बारा जणींपुढे सांगायच्या नसतात.

हप्ता थकला तर कसं बोलायचं?

इथेच गट टिकतात आणि इथेच मोडतात. पैसे सगळ्यांचे असतात, त्यामुळे राग खरा असतो. पण भर बैठकीत ‘तुमचं नेहमीचंच आहे’ म्हटलं की थकलेला हप्ता बाजूला राहतो आणि इज्जतीचा प्रश्न होतो. मग ती ताई पुढच्या बैठकीला येत नाही आणि हप्ताही येत नाही.

बैठकीच्या आधी एकटीला भेटा. दारात उभं राहून मोठ्याने नको. शेजारी ऐकतात. असं एक बोलणं मी प्रशिक्षणात पाठ करून घेते:

‘काकू, दोन मिनिटं बसू का?’

‘बसा की. चहा टाकते.’

‘चहा राहू द्या. मे आणि जूनचे दोन हप्ते राहिलेत. काय अडलंय?’

‘काय सांगू ताई. कांदा चाळीत पडून आहे. भाव नाही.’

‘म्हणजे कांदा गेल्याशिवाय पूर्ण हप्ता जमणार नाही.’

‘नाहीच जमणार.’

‘बरं. मग तोवर किती जमेल?’

‘दुधाचा पगार होतो दहा दिवसांनी. त्यातनं पाचशे काढीन.’

‘चालेल. बैठकीत कांद्याचं मी सांगते. पाचशेचं तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा.’

यात काय काय झालं ते बघा. अध्यक्षांनी महिने आणि हप्ते मोजून सांगितले, स्वभावाबद्दल अक्षरही काढलं नाही. ‘बाकीच्यांनी कसे भरले मग?’ हा प्रश्न ओठावर आला असेल, गिळला. काकूंचं म्हणणं परत सांगितलं. ‘कधी भरणार?’ऐवजी ‘किती जमेल?’ विचारलं, कारण ‘कधी’चं उत्तर काकूंच्या हातात नाही, बाजारभावाच्या हातात आहे. आणि रक्कम काकूंच्याच तोंडून निघाली, बैठकीतही निघणार आहे. जी रक्कम आपण स्वतः चारचौघीत बोललो ती भरायची ओढ लागते.

मग हे सगळं इतिवृत्तात लिहायचं: किती, कधीपासून, कोणत्या बैठकीपर्यंत. ‘मुदत दिली’ एवढंच लिहून भागत नाही.

मुद्दाम चुकवणारे असतात का? असतात, थोडे. त्यांच्याशीही सुरुवात अशीच करा. तीनदा रक्कम ठरवून तीनदा मोडली तर मग विषय उघडपणे बैठकीत घ्या. पण घरापुढे जाऊन बसणं, भांडी उचलून आणणं, पोरांना टोमणे मारणं हे प्रकार काही ठिकाणी ‘वसुली’ म्हणून चालतात. ते संवादकौशल्यात बसत नाहीत, कायद्यातही बसत नाहीत.

मला एखादीचा राग आला असेल तर तो सांगायचा की गिळायचा?

सांगायचा, पण तीन तुकड्यांत: घडलं काय, मला झालं काय, पुढे हवंय काय. ‘तुम्ही मला गटात धरतच नाही’ याला उत्तर फक्त भांडण. त्याऐवजी: ‘मंगळवारची बैठक बुधवारवर गेली ते मला कळलं नाही. मी कामावरून लवकर सुटून आले आणि कुलूप बघून परत गेले, अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. वेळ बदलली तर आदल्या दिवशी मला फोन करा.’ समोरचीला यात नाकारण्यासारखं काही सापडत नाही, आणि करायचं काय तेही कळतं. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळ्या जणी’ हे शब्द आले की समजा, पुढचं वाक्य कोणी ऐकणार नाही.

सासू-सून किंवा जावा-जावा एकाच गटात असाव्यात का?

एका घरातून एकच सभासद, ही गटांची जुनी रीत आहे आणि ती शहाणपणाची आहे. सासूबाई समोर असताना सून आपल्या नावाच्या कर्जाबद्दल मोकळं बोलेल, ही अपेक्षाच चूक. लहान वस्तीत नातं टाळता आलं नाही तर निदान दोघींना शेजारी बसवू नका आणि फेरीत सुनेची पाळी आधी येईल असं बघा.

एकमेकींना हाक कशी मारावी?

बहुतेक गटांत नावापुढे ‘ताई’ लावतात, वय काहीही असो, आणि ते उत्तम आहे. अडचण तेव्हा येते जेव्हा काही जणी ‘पाटीलवहिनी’ असतात, काही ‘ताई’ असतात आणि एकदोघी नुसत्या नावाच्या, अगं-तुगंच्या. मैत्रिणी मैत्रिणींत अगं म्हणण्याला हरकत नाही. पण एका विशिष्ट वस्तीतल्या बायकांनाच अगं म्हटलं जात असेल तर ती मैत्री नव्हे, आणि हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळलेलं असतं. पहिल्याच बैठकीत ठराव करा: बैठकीत सगळ्यांना नाव आणि ताई. हजेरी घेतानाही तसंच. बैठक संपल्यावर जे नातं असेल ते असू द्या.

निर्णय हात वर करून घ्यावा की सगळ्यांच्या संमतीने?

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं नाव बऱ्याच जणींनी ऐकलं असेल. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्यांचीच. या गोंड गावाने ग्रामसभेत बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घ्यायची पद्धत धरली आणि त्याच्या जोडीला अभ्यासगट चालवले. विषयावर आधी सावकाश बोलायचं, माहिती असलेल्यांना बोलावून विचारायचं, आणि निर्णय ग्रामसभेत घ्यायचा. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळवलेल्या देशातल्या पहिल्या काही गावांत मेंढा-लेखा होतं.

लोक यातलं सर्वसहमतीचं तेवढं घेतात आणि अभ्यासगट सोडून देतात. मग गटात ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिलं जातं, पण त्याचा अर्थ ‘कोणी बोललं नाही’ एवढाच असतो. खरी सहमती हवी असेल तर मोठा विषय, म्हणजे मोठं कर्ज, सामाईक धंदा, मशीनची खरेदी, एका बैठकीत मांडा आणि निर्णय पुढच्या बैठकीत घ्या. मधल्या दिवसांत विहिरीवर, शेताच्या बांधावर, दुधाच्या डेअरीवर जे बोलणं होतं तोच तुमचा अभ्यासगट. पुढच्या बैठकीत एका ताईंना मुद्दाम विरोधी बाजू मांडायचं काम द्या. त्यांना ते पटायची गरज नाही, फक्त ‘मशीन बंद पडलं तर?’ असे प्रश्न विचारायचे.

आजारपणाचं, बाळंतपणाचं तातडीचं कर्ज असेल तर एवढं काही करत बसू नका. त्यासाठी किती रकमेपर्यंत अध्यक्ष-सचिवांनी लगेच द्यायचं ते आधीच ठरवून ठेवा.

आधी सगळं छान होतं, आता वर्षभराने भांडणं सुरू झाली. गट फुटणार का?

बहुधा नाही. ब्रूस टकमन या अभ्यासकाने १९६५ मध्ये लहान गटांवरचं तोवरचं संशोधन एकत्र करून टप्पे मांडले: आधी गट जुळतो, मग वादळ येतं, मग रीत बसते, आणि मग काम होतं. पहिल्या टप्प्यात सगळ्या जणी पाहुण्यासारख्या वागतात, म्हणून सगळं छान वाटतं. अंतर्गत कर्ज, म्हणजे गटाच्या बचतीतून आपसात दिलेलं कर्ज, सुरू झालं की खरा गट दिसायला लागतो. कोणाला आधी, कोणाला किती, व्याज शेकडा एक की दोन. वाद इथे होणारच, आणि तो दाबला तर पुढची पायरी येत नाही.

एवढं मात्र बघा की भांडण कशावरून आहे. नियमावरून असेल तर चांगलं, नियम बसवून मोकळं व्हा. हिशोबावरून असेल तर त्याच दिवशी वह्या काढा आणि बँकेच्या पासबुकाशी सगळ्यांसमोर जुळवा, गोड बोलण्यात वेळ घालवू नका. जुन्या घरगुती वैरावरून असेल, तर ते गटात मिटणार नाही. ‘हे बाहेरचं आहे, इथे नको’ असं स्पष्ट सांगायला हरकत नाही.

इतिवृत्ताचा आणि संवादाचा काय संबंध?

जे बोललं ते लिहिलं जातं, हे कळलं की माणसं बोलतात. साधी गोष्ट आहे, पण गटांच्या वह्यांत ‘विविध विषयांवर चर्चा झाली’ हे वाक्य इतक्या वेळा वाचलं आहे की आता डोळे त्यावरून आपोआप घसरतात. कोणत्या विषयावर कोण काय म्हणालं, वेगळं मत कोणाचं होतं, सूचक कोण, अनुमोदक कोण, हे चार ओळींत लिहा. वेगळं मत नावासकट लिहिलं की त्या ताईंना वाटतं, आपलं म्हणणं हवेत गेलं नाही.

लिहिलेलं बैठक उठायच्या आत मोठ्याने वाचा, आणि मगच सह्या किंवा अंगठे घ्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हा एकमेव पुरावा असतो. आधी सह्या घेऊन नंतर निवांत मजकूर भरणं चालतं बऱ्याच ठिकाणी. ते बंद करा. पुढे कोणी कागद मागितला तर सगळ्यात आधी सचिवच अडकते.

व्हॉट्सॲप ग्रुपवर काय बोलावं आणि काय नको?

बैठकीची तारीख, वेळ, जागा, बँकेतला निरोप, कागदपत्रांची यादी, बस. थकबाकीदारांची नावं ग्रुपवर टाकू नका. तो फोन पुष्कळदा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात असतो. कर्जाचा निर्णयही ग्रुपवर घेऊ नका. अंगठ्याचं चित्र टाकलं म्हणजे संमती झाली असं होत नाही. वाचता न येणाऱ्या ताईंसाठी आवाजाचा मेसेज पाठवा, अर्ध्या मिनिटाचा. ज्यांच्याकडे असा फोनच नाही त्यांना निरोप द्यायची जबाबदारी शेजारणीवर नावानिशी सोपवा, नाहीतर वर म्हटलेली कुलपाची गोष्ट घडते. सुप्रभातची फुलं थांबवण्याचा उपाय कोणाला सापडला असल्यास मलाही कळवावा.

बँकेत किंवा ग्रामसभेत गेल्यावर पाय लटपटतात. तिथे कसं बोलायचं?

एकटी जाऊ नका, दहा जणीही जाऊ नका. तिघी जा, आणि कामं वाटून घ्या: एक बोलणार, एक कागद काढून देणार, एक लिहून घेणार. आदल्या दिवशी घरी नाटक करून बघा, आणि शाखाधिकाऱ्याचं काम गटातल्या सगळ्यात खट्याळ ताईंना द्या. त्या ‘आज सर्व्हर डाउन आहे, पुढच्या आठवड्यात या’ म्हणतात आणि सगळ्या हसतात. पण दुसऱ्या दिवशी बँकेत तेच वाक्य ऐकू आलं की उत्तर तयार असतं: ‘साहेब, पुढच्या आठवड्यात कोणत्या वारी, आणि कोणाला भेटू?’ मग तिसरी ते नाव आणि वार लिहून घेते, त्यांच्या डोळ्यांदेखत. कर्जाला नाही म्हणाले तर कारण लेखी मागा. आवाज चढवायची गरज पडत नाही.

ग्रामसभेचं वेगळं आहे. तिथे माणसं जास्त, मागून शेरे मारणारे वेगळे. पण ग्रामपंचायत अधिनियमात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे, आणि ती बऱ्याच गावांत फक्त कागदावर होते. ती खरोखर घ्यायला लावा. विषय तिथे एकदा बोलून, ठराव करून पुढे नेला की मोठ्या सभेत ‘मला वाटतं’ म्हणावं लागत नाही, ‘महिला सभेने ठराव केलाय’ म्हणता येतं. बोलताना मागणी पहिल्या वाक्यात सांगा. प्रस्तावना केली की मधेच कोणीतरी माइक घेतं.

आमची भाषा गावाकडची आहे. प्रमाण मराठीत बोलावं का?

नाही. अहिराणीत बोला, वऱ्हाडीत बोला, मालवणीत बोला. गोंडी, कोरकू बोलणाऱ्या ताई असतील तर एकीने मराठीत सांगावं, पण त्यांनी बोलायचं त्यांच्याच भाषेत. ‘न’चा ‘ण’ करण्यात लक्ष गेलं की मुद्दा हातून निसटतो.

बैठकीत कोणाचे तरी मिस्टर येऊन बसतात आणि बोलतात. काय करावं?

‘भाऊ, बैठक झाली की तुमच्याशी बोलतो, आता जरा बाहेर बसा’ असं अध्यक्षांनी म्हणावं. ज्यांचे मिस्टर त्यांना म्हणायला लावू नये. हिशोब लिहायला म्हणून येत असतील तर गटातल्या कोणाला तरी वही शिकवा, दोन-तीन महिने लागतील.

सरावासाठी एखादा खेळ सांगा.

खेळ पुष्कळ आहेत, पण मला एकच आवडतो. दोघींना पाठीला पाठ लावून बसवा. एकीच्या हातात साधं चित्र द्या: घर, त्याच्या डावीकडे झाड, वर सूर्य, दारात कोंबडी. तिने चित्र न दाखवता नुसतं बोलून सांगायचं आणि दुसरीने काढायचं. पहिल्या वेळी दुसरीला प्रश्न विचारायला बंदी. दुसऱ्या वेळी परवानगी. दोन्ही कागद शेजारी ठेवा.

पहिल्या कागदावर कोंबडी छपरावर असते, झाड घराएवढं असतं. दुसऱ्यावर बरंचसं जमलेलं असतं. मग विचारा की सांगणारीला पहिल्यांदा काय वाटत होतं. ती म्हणते, ‘मी तर बरोबर सांगत होते!’ अध्यक्ष-सचिवांनी हा खेळ सांगणारीच्या जागी बसून एकदा तरी खेळावा. ‘मी तर बैठकीत सांगितलं होतं’ ही त्यांची नेहमीची तक्रार त्यानंतर जरा कमी होते.

अध्यक्ष किती वर्षांनी बदलावी?

तुमच्या नियमावलीत जे असेल ते. नसेल तर दोन-तीन वर्षांनी बदला आणि तोवर बैठक चालवायचं काम तरी दर महिन्याला वेगळ्या ताईंना द्या. पद आणि बैठक चालवणं एकाच व्यक्तीकडे असावं असं कुठे लिहिलेलं नाही.

हे सगळं शिकवणारं कोणी जवळपास मिळेल का?

ग्रामीण भागात ‘उमेद’ अभियानाशी, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाशी जोडलेला गट असेल तर गावच्या सीआरपी ताईंना किंवा तालुक्याच्या अभियान कक्षात विचारा. ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाच्या बैठकीत मागणी केली तर प्रशिक्षण लावून घेणं सोपं जातं. महिला आर्थिक विकास महामंडळाचा, म्हणजे माविमचा गट असेल तर सहयोगिनी ताईंना (माविमच्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या) किंवा लोकसंचालित साधन केंद्रात (गटांतल्या महिलांनीच चालवलेलं केंद्र) विचारा. माविम १९७५ पासून काम करतं आहे आणि त्यांच्याकडे खेळ, गाणी, चित्रं असं बरंच साहित्य असतं. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब ही पंचसूत्री आणि तिच्यात आणखी पाच सूत्रं घालून झालेली दशसूत्री या प्रशिक्षणांत नक्की शिकवतात. बोलण्याचा, ऐकण्याचा भाग मात्र वेळ उरला तर घेतात, म्हणून तो तुम्ही मागून घ्या. आणि पाठवताना दोघींना पाठवा: एक बोलणारी, एक न बोलणारी. दर वेळी त्याच ताई प्रशिक्षणाला गेल्या तर बोलणाऱ्याच आणखी बोलायला शिकून येतात.